तीन पाण्याचा गहू

काल दुपारी माळ्यावरून कूलर उतरवला, धुतला, खिडकीत बसवला, गवताच्या नव्या ताट्या ठोकल्या. आज सकाळी उठलो तर दात वाजत होते, आणि त्याच कूलरच्या मागे पडलेलं स्वेटर मी काठीनं ओढून काढत होतो. याला काय म्हणावं? फाल्गुन महिना आहे. समोरच्या डोंगरावर पळसाला पान उरलेलं नाही, नुसती फुलं. नाल्याकडून वारा आला की मोहाचा गोड, जरासा डोकं धरणारा वास येतो. आणि मी अंगात स्वेटर, काखेत छत्री आणि डोळ्यांवर गॉगल असा बाजारात निघालोय. पुस्तकात या ऋतूला वसंत म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं तो मार्चमध्ये आमच्या डोंगरात आठ दिवस राहिलेला नसावा. आमच्याकडे वसंत नावाचा एकच जण आहे. तो पोस्टाजवळ पंक्चर काढतो आणि तोही कधी वेळेवर येत नाही.

आमचं गाव लहान. उमरखेडकडून येणारी एसटी घाट चढून आमच्या स्टँडवर पोचते तेव्हा प्रवाशांच्या आधी गाडीच दमलेली असते. गावाच्या तीन बाजूंना डोंगर, त्यामुळे आभाळ कुठून येणार ते डोक्यावर येईपर्यंत कळत नाही. आमच्याकडे आभाळ म्हणजे ढग बरं का. वर सगळं निळं, मोकळं असेल तर आम्ही म्हणतो, आज आभाळ नाही. पुण्याच्या भाच्याला एकदा फोनवर म्हटलं, "आज सकाळपासून आभाळ हाय रे." तर तो म्हणतो, "मामा, आभाळ तर रोजच असतं." फोन ठेवून दिला. अशा माणसाशी काय बोलायचं?

सकाळी शेजारच्या गच्चीवरून याडीनं हाक मारली. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. नाव तिचं सोनाबाई. तांड्यावरून गावात राहायला येऊन तिला तीसेक वर्षं झाली, आणि सगळी गल्ली तिला याडीच म्हणते. ती माझ्यापेक्षा लहान आहे, तरी मीही म्हणतो.

"भाऊ, गहू भिजवू का आज? आभाळ फाटून राह्यलं."

"तुले फाटलेलं दिसते का? मले तर अजून शिवून राह्यलं दिसते."

ती हसली आणि आत गेली. तेवढ्यात रेणूचा, म्हणजे माझ्या मुलीचा, नागपूरहून फोन. तिचाही पहिला प्रश्न तोच, "बाबा, आभाळ हाय का तिकडे? गहू भिजवले का? आम्ही शनिवारी येतो." आता या दोघींना कोण सांगणार की गव्हाचं नाव काढलं की माझं डोकं तापतं. गव्हावर माझा राग नाही. मागच्या फाल्गुनातल्या त्या एका आठवड्यावर आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत रेणू माहेरी आलेली होती. पाचवा महिना होता. त्याआधी एकदा दिवस राहिले होते आणि पाचव्याच महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात पाचवा हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. या वेळी तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भात नाही, भाकर नाही, वरणाचं पाणीसुद्धा नाही. जेवली की दहा मिनिटांनी मोरीकडे धाव. गालाची हाडं वर आलेली. आमच्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "बाळाचे ठोके आहेत, काका. पण हिचं वजन वाढायच्या ऐवजी उतरतंय. काहीही करा, पोटात अन्न राहू द्या. आणि आता बाळाची हालचाल तिला कळायला लागेल. कळली की मला फोन करायला सांगा. आठवडाभर बघू, नाहीतर यवतमाळला भरती करावं लागेल."

हालचाल कळली का, हे बापानं मुलीला कसं विचारायचं? तिची आई, सुमन, असती तर स्वयंपाक करता करता सहज विचारलं असतं. सुमनला जाऊन चार वर्षं झाली होती. मी दिवसातून दहा वेळा रेणूच्या खोलीच्या दारापाशी जायचो, हालचाल हा शब्द जिभेवर आणायचो आणि विचारायचो, "पंखा लावू का?" ती म्हणायची, "थंडी हाय, बाबा." तासाभरानं जायचो, "चादर देऊ का?" तर म्हणायची, "लय उकडून राह्यलं." दोन्ही वेळा ती खरंच बोलत असायची.

सोमवारी तसंच दाराशी गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "बाबा, मले चीक खावासा वाटून राह्यला."

किती दिवसांनी तिनं काहीतरी मागितलं होतं! मी इतका खूश झालो की लगेच "हो, आत्ता आणतो" म्हणून चपला घातल्या. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की चीक दुकानात मिळत नाही.

कुरड्या करताना गव्हाचं सत्त्व काढून जे शिजवतात तो चीक. पांढरा, चकचकीत, कढत. तो सोऱ्यात घालून गच्चीवर कुरड्या घालायच्या. पण सोऱ्यात जायच्या आधी घरातली पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसलेली असतात. कोणाला त्यात दूध-साखर लागते, कोणाला तेल-तिखट. रेणू लहानपणी दोन वाट्या घेऊन बसायची, एक गोड, एक तिखट. सुमन आणि याडी दरवर्षी दोन्ही गच्च्यांवर मिळून कुरड्या घालायच्या. मला या सगळ्यातलं एवढंच ठाऊक की वर्षभर डब्यात कुरड्या असतात, तळल्या की फुलतात. माझं मोटारपंपाचं दुकान. मला पाच हॉर्सपॉवर आणि साडेसात हॉर्सपॉवर एवढंच कळतं.

याडीच्या घरी गेलो तर कुलूप. धावत स्टँडवर गेलो. याडी होळीसाठी भावाच्या तांड्यावर निघालेली, एसटीत खिडकीजवळ बसलेली, आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केलेली.

"याडी! चीक कसा करते वो? रेणूले खायचा हाय!"

इंजिनाचा धडधडाट. ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली, "तीन पाण्याचा गहू लागते, भाऊ! तीन पाण्याचाच घ्या! बाकी आल्यावर सांगतो!"

गाडी गेली. मी समाधानानं घरी आलो. तीन पाण्याचा गहू! सोपं काम. आमच्याकडे शेतकऱ्याला विचारा, गहू कसा आहे, तर तो सांगतो, चार पाणी दिले, पाच पाणी दिले. पाणी म्हणजे ओलित. मोटार सुरू करायची, एकदा सगळं रान भिजवायचं, की झालं एक पाणी. चाळीस वर्षं मी ज्यांना मोटारी विकल्या ते सगळे याच हिशेबात बोलतात. म्हणजे चिकाला तीनदाच ओलित केलेला गहू लागत असणार, त्यात सत्त्व जास्त उतरत असेल, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. गल्लीत दुसऱ्या बायका नव्हत्या का? होत्या. हातात मोबाइल नव्हता का? होता. पण ज्याला उत्तर मिळालंय असं वाटतं तो कशाला कोणाला विचारतो? रेणूला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करूनच "हं" म्हणाली. तिनं आयुष्यात चीक फक्त खाल्लेला.

सोमवारी असं ऊन होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मंगळवारी सकाळी मी पांढरा सदरा घालून आर्णीजवळ माझ्या साळ्याकडे, मधुकरकडे गेलो. तो खळ्यावर हरभरा काढत होता.

"तीन पाण्याचा गहू पायजे," मी म्हणालो.

"तीन पाण्याचा?" तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "भाऊजी, तीन पाण्यात कायचा गहू होते? आमच्या गव्हाले पाच पाणी हायेत. लोकवन हाय, दाणा पाहा कसा टपोरा! घेऊन जा पोतंभर."

"पाचचा नाई चालत."

"काहून नाई चालत?"

"चिकाले चालत नाई. तुले काय समजते त्यातलं?"

जसं मला समजत होतं! बिचाऱ्यानं हरभरा सोडला आणि मला गाडीवर मागे बसवून शिवाराशिवारात फिरवलं. आम्ही निघालो आणि वारा सुटला. साधा नाही. खळ्यावरचा भुसा, तुरीच्या काड्या, कोणाची तरी लाल ओढणी, सगळं रस्त्यावरून आमच्या आधी पळत होतं. प्रत्येक बांधावर थांबून मधुकर ओरडून विचारायचा, "किती पाणी दिले गव्हाले?" तिकडून यायचं, "चार!" पुढे, "पाच!" एक जण तर अभिमानानं म्हणाला, "सहा!" मी मान हलवायचो आणि आम्ही पुढे. लोकांना वाटलं असेल, सरकारी पाहणी चाललीय. शेवटी नाल्याकाठी एक म्हातारा भेटला. त्याचा गहू गुडघ्याएवढाही नव्हता.

"माह्या गव्हाले तीनच पाणी भेटले, बाप्पा. तिसऱ्या पाण्याले मोटार जळली."

"कोणती मोटार?" मी सवयीनं विचारलं.

"तुमच्याच दुकानातली."

मी विषय बदलला आणि त्याच्या खळ्यावर काढून ठेवलेला पायलीभर गहू घेतला. सगळ्या तालुक्यात त्याहून सुकलेला, बारीक, सुरकुतलेला गहू दुसरा नसेल. तो मी एसटीत मांडीवर घेऊन बसलो. घाटात थेंब पडायला लागले, धुळीतून आलेले, मातकट. खिडकीला काच नव्हती. घरी आलो तेव्हा सदऱ्यावर तांबडे ठिपके होते, पण गहू कोरडा होता. लढाई जिंकून आल्यासारखं वाटलं मला.

रात्री गहू भिजवला. बुधवारी सकाळी मिक्सरमध्ये वाटला, पंच्यातून गाळला आणि शिजवला. बाहेर झिमझिम, आत गार. लोकांनी चार दिवसांपूर्वी ठेवून दिलेल्या गोधड्या पुन्हा काढलेल्या. गंजात, म्हणजे पातेल्यात, काय झालं ते सांगू का? पिवळट, चिकट, पिठाचा कच्चा वास मारणारं काहीतरी झालं. ते शिजतही नव्हतं आणि सुटतही नव्हतं. मी त्यात भरपूर साखर घातली आणि वाटी रेणूपुढे नेली. ती उठून बसली, वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. ते सगळं मी गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या गाईचा मला जो राग आला! वर्षभर आमच्या दारातलं खाऊन जाते, पॉलिथिनसुद्धा सोडत नाही.

वसंताबद्दल माझं म्हणणं असं आहे की तो ऋतूच नव्हे. जाणारी थंडी आणि येणारं ऊन यांचं घर खाली करण्यावरून चाललेलं भांडण आहे ते. एक सामान बाहेर काढतो, दुसरा पुन्हा आत ठेवतो, आणि मधल्या मधे आपल्या छातीत कफ. डोंगर एखाद्या दिवशी इतके जवळ येतात की पळसाची फुलं मोजावीत, दुसऱ्या दिवशी गावाला डोंगर होते की नाही अशी शंका यावी. बायका आंब्याच्या मोहोराकडे बघून लोणच्याचे बेत करतात आणि एका रात्रीत सगळा मोहोर खाली. या दिवसांत कोणी "कसं काय?" विचारलं तर उत्तर देताना आधी वर बघावं लागतं.

गुरुवारी सकाळी असं लख्ख ऊन पडलं की वाटलं, झालं, सुटलो. सगळ्या गच्च्या भरल्या. पापड, मुगवड्या, शेवया, लाल मिरच्या. दुपारच्या गाडीनं याडी परत आली ती पिशवी ठेवायच्या आधी आमच्याकडे. "चीक खाल्ला का पोरीनं?"

मी तिला सगळं सांगितलं. आर्णी, मधुकर, वारा, म्हातारा, जळलेली मोटार. ती ऐकत गेली, ऐकत गेली, आणि मग पदर तोंडात कोंबून उंबऱ्यावरच बसली.

"हासायले काय झालं?"

"अहो भाऊ... तीन पाणी म्हणजे... माय माय माय! गहू भिजत घालायचा, रोज जुनं पाणी फेकायचं, नवं टाकायचं. असे तीन दिवस, तीन पाणी! आंबला पायजे तो. मंग वाटायचा. तुम्ही शेतातलं पाणी मोजत फिरले?"

"मंग असं सांगायचं ना!"

"एसटीच्या खिडकीतून किती सांगू?"

आतून आवाज आला. आधी मला वाटलं, पुन्हा उलटी. मी दचकून उठलो. पण रेणू हसत होती. किती दिवसांनी ती हसली होती, आणि हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. "तीन पाणी!" म्हणायची आणि पुन्हा हसायची. माझा राग तिथंच अर्धा गेला. उरलेला अर्धा मी आभाळासाठी ठेवला, कारण ते चार वाजता आलं.

वारा नाही, गडगडाट नाही. डोंगराच्या मागून गुपचूप आलं आणि कोसळलं. गल्लीभर आरडाओरडा. "पापड उचला वो!" "मिरच्या भिजल्या माय माह्या!" "अबे, पोट्टे हो, धावा!" कोणाचे पापड कोणाच्या घरात गेले याचा निकाल पुढे दोन दिवस लागत होता. मी आमच्या रिकाम्या गच्चीवरून उगाच धावत होतो. उचलायला काही नव्हतं. सवय.

याडीनं तिच्या घरचा, पाच पाण्याचा, टपोरा गहू आणला आणि त्याच संध्याकाळी आमच्या मोठ्या गंजात भिजत घातला. पहिलं पाणी. शुक्रवारी सकाळी उठलो तर धुई. गच्चीचा कठडा दिसत नाही, समोरचा कडुनिंब दिसत नाही. दोन हात पुढं करून चालावं लागावं असं धुकं, तेही मार्च महिन्यात! याडीनं गंजात हात घातला, बोटं हुंगली आणि नाक मुरडलं. "आंबून नाई राह्यला, भाऊ. थंडी हाय. असा राह्यला तं बुळबुळीत होते, फेकावा लागते."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! चार दिवसांपूर्वी ज्या उन्हाला शिव्या दिल्या त्याच उन्हाची मी वाट बघत होतो. गंज गॅसजवळ नेऊन ठेवला, वर पोतं टाकलं, पोत्यावर सुमनची जुनी शाल. येता जाता झाकण उघडून हुंगायचो. दुकानावर गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवून घरी येऊन हुंगून जायचो. "घरी कोणी बिमार हाय का?" त्यानं विचारलं. "गहू," मी म्हणालो. 

संध्याकाळी एकदाचा वास सुटला. आंबलेल्या गव्हाचा वास ज्याला माहीत नाही त्याला तो आवडणार नाही. आंबट, उग्र, जरासा ओल्या मातीसारखा. घरभर झाला. मला धास्ती, आता रेणू पळते. ती खोलीतून बाहेर आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि लांब श्वास घेतला.

"या दिवसात आईच्या पदराले असाच वास यायचा, बाबा."

मी गंजावरची शाल सारखी केली.  माझ्या घरात इतकी वर्षं येत असलेला वास, आणि मला तो नवा होता. सुमनची आठवण मला येते ती तिच्या चिडण्याची येते, हसण्याची येते, तिच्या औषधांची येते. या वासातून ती मला कधी आठवलीच नसती. मुलीनं ती मला त्या दिवशी आणून दिली.

शनिवारी उकाडा. धुई गेली आणि तिच्या जागी चिकट, कोंदट, घामाची दुपार. पानही हलत नाही. तिसरं पाणी फेकून झालेलं, गॅसजवळच्या उबेनं गहू दोन दिवसांतच आंबला होता. आता वाटायचं, म्हणून याडीनं मिक्सरचं बटण दाबलं आणि लाइन गेली. गेली ती गेली. गुरुवारच्या पावसात कुठला तरी खांब वाकला होता म्हणे, त्याला शनिवारची दुपार सापडली! गहू आता थांबत नाही, आणखी एक दिवस ठेवला तर नासतो, असं याडीचं म्हणणं. मागच्या अंगणातला पाटा धुतला, आणि मी लुंगी खोचून बसलो. याडीचा खांदा दुखतो, रेणूला वाकायची मनाई. उरलो मी. सगळा गहू मी पाट्यावर वाटला. गुडघे गेले, कंबर गेली, कपाळावरचा घाम पाट्यावर पडू नये म्हणून रेणू शेजारी बसून माझं कपाळ पुसत होती.

"जोर लावा, भाऊ! मोटारीवानी कायले घरघर करून राह्यले?"

"याडी, चूप बस."

वाटता वाटता मी आभाळाला शिव्या देत होतो, लाइनला शिव्या देत होतो, वसंताला देत होतो. रेणू मधेच म्हणाली, "बाबा, एवढे काहून चिडून राह्यले?" मी म्हटलं, "वातावरणच तसं हाय." खोटं होतं ते. मला भीती वाटत होती. सोमवारी यवतमाळला जायचं होतं. तिथल्या त्याच पांढऱ्या कॉरिडॉरमध्ये दोन वर्षांपूर्वी मी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. पुन्हा तिथं उभं राहायची माझ्यात ताकद नव्हती. भीती वाटते असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. चिडायची आहे.

रविवारी सकाळी वर सगळं धुतल्यासारखं निळं. आभाळाचं नाव नाही. वाटून गाळलेलं पाणी ठेवलं होतं, त्यात रात्रभरात चीक खाली बसला होता. याडीनं वरचं पाणी हलक्या हातानं ओतून दिलं. खाली पांढरंशुभ्र, घट्ट सत्त्व. चुलीवर मोठ्या गंजात आधण ठेवलं, मीठ, हिंग. ती ओतत होती आणि मी घोटत होतो. "एकाच बाजूनं! थांबू नका! गुठळी होते!" लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून मी घोटत होतो, धूर डोळ्यांत, आणि त्या दुधासारख्या पाण्याचं बघता बघता काचेसारखं काहीतरी होत गेलं. गुठळ्या झाल्याच. याडी म्हणाली, "चालते."

रेणूची वाटी भरली. दूध, साखर. तिनं ती संपवली आणि खोलीत जाऊन पडली. याडी उरलेल्यातला बराच चीक घेऊन गच्चीवर कुरड्या घालायला गेली. मी रेणूच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो. रोजचंच होतं ते. दहा मिनिटं बसायचं आणि ऐकायचं. पावलं वाजली की समजायचं, गेलं पोटातलं. त्या दिवशी पाच मिनिटं झाली. काही नाही. सात झाली. मी श्वास धरून बसलेलो.

आणि गारा आल्या.

कुठून आल्या त्यांना विचारा! आमच्या मागच्या खोल्यांवर पत्रे आहेत. बोराएवढ्या गारा त्या पत्र्यांवर अशा पडायला लागल्या की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. वरून याडी ओरडत होती, ते नुसतं तोंड हललेलं दिसायचं. ती डोक्यावर घमेलं धरून जिन्यातून खाली आली, हातात दोन-चार कुरड्या, बाकी सगळ्या गच्चीवर गारांखाली चेंदा. मला त्या क्षणी कुरड्यांचं काही नव्हतं. मला ऐकायचं होतं! सगळ्या आठवड्यात ती दहा मिनिटं मला ऐकायची होती, आणि आभाळाला नेमकी तीच सापडली. मी खुर्चीवरून उठलो, छताकडे बघून मूठ उगारली आणि बोंबललो, "अबे, थांबा ना बे जरा! पाच मिनिटं थांबा!" याडीनं कपाळावर हात मारला. मी दार लोटून बघितलं. खाट रिकामी, मागचं दार उघडं. मोरीत कोणी नाही.

गारा थांबल्या. आल्या तशाच गेल्या, एकदम. पत्र्यावरून पाणी पडत होतं, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज येत होता. खर्र. खर्र. खर्र.

दारात गेलो. रेणू जमिनीवर फतकल मारून बसली होती, दोन्ही पायांमधे तो मोठा गंज, आणि चमच्यानं बुडाची खरवड काढून खात होती. करपलेली, तांबूस, पापुद्र्याची खरवड. केसांची बट गंजात लोंबत होती. वर बघायलाही तिला सवड नव्हती. मी चौकट धरून उभा राहिलो. मला रडू आलं, आणि ते मी पुसलं नाही. तिच्या पोटात अन्न राहत होतं. एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते माझ्यासमोर खर्र खर्र वाजत होतं.

मग ते थांबलं. चमचा हवेतच राहिला. तिनं दुसरा हात पोटावर ठेवला आणि कान देऊन ऐकावं तशी एका जागी बघत बसली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हाललं."

"काय हाललं?" मी घाबरून वर बघितलं. "पत्रा?"

"पत्रा नाई, बाबा."